फिरवलेला आरसा

आमच्या सासऱ्यांच्या पायाला भिंगरी आहे. रिटायर होऊनही स्वस्थता नाही. खिडकीत जातील, दारात जातील, चपला घालतील आणि परत काढतील. उमेदीची बरीच वर्षं त्यांनी एका मोठ्या नटीची गाडी चालवली. तिच्या सिनेमांपेक्षा तिची लफडी जास्त गाजली, पण त्यातलं एक अक्षर आमच्या घरात आलं नाही. सासूबाई खोदून खोदून विचारायच्या. सासरे म्हणायचे, "गाडीतलं गाडीत!" मागची सीट दाखवणारा आरसा ते गाडी सुरू करण्याआधीच छताकडे फिरवून ठेवत. इमानदारी म्हणून ही गोष्ट त्यांनी सगळ्या नातेवाइकांना ऐकवली होती. अजूनही माझ्या गाडीत बसले की त्यांचा हात आरशाकडे जातो आणि मी ओरडते.

मग ती नटी वारली आणि कुणीतरी तिच्यावर कादंबरी लिहिली. नावं बदललेली, पण शेंबड्या पोरानंही ओळखावी अशी. सासूबाईंनी ती लायब्ररीतून आणायला लावली. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून रोज दुपारी मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे. नटीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. आपला नवरा तिच्यात गुंतला होता का, हा एकच किडा इतकी वर्षं त्यांचं डोकं पोखरत होता. मला ते ठाऊक होतं, म्हणून प्रत्येक पान उलटताना माझ्याही छातीत धडधडायचं.

नटीचा नवरा वाचून झाला, दिग्दर्शक झाला, दोन मुलांचा बाप असलेला गायक झाला. सासरे आपले खिडकी ते दार येरझारा घालतायत. आणि ते पान आलं. 'ड्रायव्हर आरशातून तिच्याकडे चोरून बघत राही.'

सासूबाई ताठ बसल्या.

"साफ खोटं!" सासरे दारातून गरजले. "मी आरसा फिरवून ठेवायचो! विचारा कुणालाही!"

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या. "पण तिच्या आधी त्या कारखानदाराच्या गाडीवर होतात. त्याच्या मागच्या सीटवर रोज नवी बाई. ते तर घरी येऊन मला रंगवून सांगायचात. तेव्हा आरसा सरळच होता ना?"

सासऱ्यांनी चपला घातल्या आणि परत काढल्या.

"मग हिच्याच वेळी का फिरवलात?"

ते खुर्चीत बसले. त्यांना असं बसलेलं मी क्वचितच पाहिलं होतं.

"बघवत नव्हतं गं," ते म्हणाले.

मला त्यांचा संताप आला, आणि त्याच वेळी कीवही आली. सासूबाईंकडे बघायची तर माझी हिंमतच होईना.

"तू का थांबलीस? वाच पुढं," असं म्हणून त्या उठल्या.

मी वाचत राहिले. सासरे खुर्चीतून हलले नाहीत. खिडकी ते दार, दार ते खिडकी, आता सासूबाई फेऱ्या घालत होत्या.