दुसऱ्यांच्या तारा वाचायची सुट्टी

मुलं एकत्र खेळली की त्यांची मैत्री होते आणि एकत्र घाबरली की त्यांचे किस्से होतात, असं माझं पक्कं मत आहे. मी, नलू, बबन आणि मिलिंद, आम्ही चौघंही आता साठीच्या पुढे गेलोय. कुणाकडे लग्न असो, नाहीतर कुणाचं बायपास, भेटलो की पाच मिनिटांत गाडी वर्ध्याजवळच्या देवळीतल्या त्या एका उन्हाळ्याच्या सुट्टीवर येते. नलूचा नवरा म्हणतो, "दहा वर्षं शाळेत एकत्र होते तुम्ही, अन् किस्से फक्त सुट्टीचेच?" आता त्याला काय सांगायचं? शाळेत आम्हाला कुणाची भीतीच वाटली नाही.

सुट्टी सत्त्याहत्तर सालची. आम्ही सातवी पास झालो होतो. मिलिंद सोडला तर आम्हा तिघांचे इंग्रजीचे मार्क एकत्र केले असते तरच एखादा नीट पास झाला असता. माझ्या वडिलांनी निकालपत्र पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून तारबाबूकडे जायचं."

तारबाबू म्हणजे भोयर बाबूजी. तारघरात सगळी नोकरी काढून ते देवळीला परत आले होते. तेव्हा घाईचा निरोप तारेनं यायचा आणि तार यायची इंग्रजीत. आमच्या भागात इंग्रजी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे तार आली की माणसं ती घेऊन बाबूजींकडे धावत. बाबूजी शिकवणीची फी घेत नसत. अट एकच होती. सुट्टीभर जी तार येईल ती आम्ही वाचायची, नंबरानं. आधी मनातल्या मनात पूर्ण वाचायची आणि मग घरच्यांना मराठीत अर्थ सांगायचा. याला ते 'रीडिंग प्रॅक्टिस' म्हणत!

आणि तारेची तेव्हा दहशत होती. पोस्टमन पोस्टकार्ड घेऊन आला तर लोक त्याला पाणी विचारत. तार घेऊन आला तर आधी चूल विझवत. मला तर पहिल्या दिवसापासून एकाच गोष्टीनं धडकी भरली होती. मेल्याची तार माझ्या नंबरावर आली तर? समोर कुणाची तरी आई उभी असेल, तिला मी ते कोणत्या तोंडानं सांगू?

*

आधी 'लिसनिंग'चं सांगते. बाबूजी छपरीत आरामखुर्चीवर बसत, हातात अडकित्ता. इंग्रजी वाक्य एकदाच म्हणत, तेही सुपारी कातरता कातरता. आम्ही ते पाटीवर लिहायचं. कुणी "काय?" म्हटलं की ते म्हणत, "गेली."

"काय गेलं, बाबूजी?"

"तार. ते काय तुह्यासाठी थांबून राह्यते?"

त्यांनी कधी हात उगारला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांची शिक्षा म्हणजे पोस्टाच्या बाकावर जाऊन बसायचं. बसल्यावर पहिली जी तार येईल ती नंबर मोडून आपली. मी एकदा दहापासून साडेबारापर्यंत तिथं बसले होते. तारयंत्र जरा कडकडलं की मी डोळे मिटून घेई. देवळीतल्या झाडून सगळ्या माणसांच्या आयुष्यासाठी मी त्या दिवशी प्रार्थना केली, आमच्याशी बांधावरून भांडणाऱ्या काकांसाठीसुद्धा.

पोस्टमास्तरांनी शेवटी खिडकीतून विचारलं, "काय वं पोट्टे, कोणाची वाट पाहून राह्यली?"

मी म्हटलं, "कोणाचीच नाई."

इतकं खरं मी नंतर कुठे बोलले असेन असं वाटत नाही.

*

सकाळी रेडिओवर इंग्रजी बातम्या लागायच्या. त्या ऐकून प्रत्येकानं पाच गोष्टी लिहून आणायच्या, असा नियम होता. बातम्या देणारा माणूस असा धावत बोलायचा की जणू त्याच्या मागे कुत्रं लागलंय. मला नेहमी दोनच शब्द कळायचे, 'मिनिस्टर' आणि 'टुडे'. मी रोज लिहायची की मिनिस्टर आज कुठेतरी गेले. ते बहुतेक बरोबरच निघायचं.

बबनला मात्र पाचच्या पाच बातम्या मिळायच्या. कधी पूर, कधी संप, कधी परदेशी पाहुणे. आम्हाला त्याचा हेवा वाटायचा. एका सकाळी बाबूजींनी त्याला उभं केलं. बबननं खणखणीत आवाजात पाच बातम्या वाचल्या. बाबूजींनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "बबन, देवळीत पाहाटपासून लाइन नाई."

वीजच नाही, तर रेडिओ लागला कसा? बबनच्या कानशिलावरून घामाची धार निघालेली मला दिसत होती.

"आता उद्याच्याबी वाचून टाक," बाबूजी म्हणाले. "अन् मंग पोस्टाच्या बाकावर जाजो."

*

पहिली तार नलूच्या वाट्याला आली. बाजारातल्या कापडाच्या दुकानदाराच्या घरची. आम्ही तिघं तिच्या मागे, धीर द्यायला म्हणून, पण खरं म्हणजे आपला नंबर नाही याचा आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून खाली पाहत चाललो होतो.

आम्ही पोचलो तेव्हा तार फोडलीसुद्धा नव्हती आणि घरात रडणं सुरू झालं होतं. आजीनं कपाळ बडवून घेतलं. दोन्ही सुना भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोण गेलं ते ठरायचं होतं, पण जळगावचे मामा की अकोल्याची आत्या, यावर दबक्या आवाजात चर्चा चालू होती. नलूनं पाकीट फोडलं.

तिनं मनात वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "जावईबापू रविवारी येऊन राह्यले. सगळे खुशाल हायेत."

रडणं असं मध्येच थांबवता येत नाही. मग दुकानदाराचे म्हातारे वडील भडकले. आम्हाला वाटलं ते आनंदानं काहीतरी देतील, पण त्यांनी नलूलाच झापलं.

"तं मंग तार काऊन केली त्यानं? पोस्टकार्डाले काय पटकी झाली व्हती?"

आणि रविवारी जावयाला कोणीही धड बोललं नाही म्हणे.

*

मिलिंद आमच्यात सगळ्यात हुशार. त्याचे वडील शाळेत शिपाई. आमच्या वर्गात तो पहिल्या बाकावर बसायचा, पण गावात काही घरांच्या पायरीपाशी त्याला थांबावं लागायचं. आम्हाला तेव्हा त्यात काही वावगं वाटायचं नाही. आज सांगताना लाज वाटते.

त्याच्या नंबरावर अशाच एका मोठ्या घरची तार आली. तिथले मालक ओट्यावर उभे होते, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं. त्यांचा भाऊ नागपूरच्या दवाखान्यात होता. मिलिंद नेहमीच्या सवयीनं खाली अंगणात थांबला. मालकांनी हाक मारली, "वर ये ना बाबू, वर ये. इथं बसून वाच."

मला भीती वाटली, तारेची नाही, मिलिंदची. त्याचा जबडा असा घट्ट मिटलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यानं तार मागितली, उन्हात उभ्या उभ्या फोडली, वाचली.

"भाऊ बरे हायेत. ऑपरेशन झालं."

मालकांनी डोळे पुसले आणि पुन्हा म्हणाले, "अरे, वर ये ना. पाणी घे."

मिलिंद म्हणाला, "नाई जी. इथूनबी आवाज येते न?"

आम्ही परत आलो. बाबूजींना आम्ही सगळं सांगितलं, तर त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच स्वतः उठून मिलिंदला माठातलं पाणी दिलं.

*

आता माझी लबाडी. माझा नंबर आला की मी तो विकायची! गिऱ्हाईक बबन. भाव दोन कैऱ्या आणि तिखटमीठ, आणि तेही उलट मीच त्याला द्यायचं. बबन छाती काढून म्हणायचा, "आपल्याले काय भेव? कागदच हाय न तो."

दोनदा जमलं. तिसऱ्या वेळी मीच नंबर दिला आणि तो तार वाचायला वेशीजवळच्या एका घरी गेला. आम्ही वाट पाहत राहिलो. तो अर्ध्या तासानं आला. तार मयताची होती, त्या घरच्या तरण्या जावयाची. बबननं अर्थ सांगितला होता, नियमाप्रमाणे, आणि त्या घरची मुलगी त्याच्या अंगावरच कोसळली होती. त्याच्या सदऱ्याची एक बाही खांद्यातून उसवली होती.

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या घरी आला, दारातच उभा राहिला आणि खिशातून दोन्ही कैऱ्या काढून माझ्या हातात ठेवल्या. सुकून सुरकुतल्या होत्या.

"घे तुह्या कैऱ्या," तो म्हणाला. "आता तुहा नंबर तूच वाच."

त्या रात्री मला ताप भरला. आईला वाटलं ऊन लागलं, तिनं तळपायाला कांदा चोळला.

*

एकदा मिलिंदनं धीर करून विचारलं, "बाबूजी, तुमाले कधी भेव वाटला का?"

आम्हाला वाटलं आता पाठवतात याला बाकावर. पण ते बोलले. म्हणाले, यंत्रावर कडकट्ट सुरू झालं की कान ऐकतो आणि हात लिहितो. डोकं मध्ये येत नाही. येऊ द्यायचंच नसतं, नाहीतर अक्षर चुकतं. दिवसाला इतक्या तारा लिहिल्या की मरण कोणतं आणि बारसं कोणतं, हाताला फरक कळत नसे.

"एक डाव अशीच तार घेतली," ते म्हणाले. "पाकिटात टाकली. तारवाल्या पोराले हाक मारली, म्हणलं, जा, भोयराच्या घरी देऊन ये. तो हालेच ना. मी कावलो त्याच्यावर. म्हणलं, उभा काऊन हायेस?"

त्यांनी अडकित्ता मिटून मांडीवर ठेवला.

"तो म्हणे, बाबूजी, भोयर तं तुमीच हा."

बाबूजींनी इंग्रजीचं पुढचं वाक्य म्हटलं, एकदाच, आणि त्या दिवशी आमच्यापैकी कुणीच "काय?" म्हटलं नाही.

*

सुट्टी संपायला चार दिवस उरले होते आणि बबननं कैऱ्या परत केल्यापासून माझ्या नंबरावर एकही तार आली नव्हती. मी दिवस मोजत होते. त्या दिवशी बाबूजी डोळे दाखवायला वर्ध्याला गेले होते, शिकवणी बंद होती. मी फक्त त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायला गेले होते. पाणी घालून वळले तर छपरीच्या पायरीवर लक्ष्मीबाई उभी.

लक्ष्मीबाईला सगळं गाव ओळखायचं. जिनिंगमध्ये कापसाची ओझी वाहायची, उन्हाळ्यात गोवऱ्या विकायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक लेक रामदास रायपूरकडे रस्त्याच्या कामावर होता, आणि घरी त्याची बायको, सातवा महिना. लक्ष्मीबाईनं पदराखालून हात काढला. हातात तार होती, न फोडलेली.

"बाबूजी नाईत," मी घाईघाईनं म्हटलं. "संध्याकाळी येतील. तेव्हा ये न मावशी."

"तुले येते न वाचता?"

मी नाही म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. पण ती माझ्याकडे अशी पाहत होती की खोटं बोलवेना. मी पाकीट घेतलं. फोडलं आणि नियमाप्रमाणे आधी मनात वाचलं. चारच शब्द होते.

मी मान वर करू शकले नाही. अर्थ मला आला होता, चांगला आला होता. "मावशी," मी कसंबसं म्हटलं, "यात असं लिहिलंय की..."

"थांब." तिनं माझ्या मनगटाला धरलं. "मराठीत नोको सांगू. जसं लिवलं हाय तसंच वाच."

"इंग्रजीत?"

"हाव. इंग्रजीतच वाच."

ती पायरीवर बसली, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. मी वाचलं. "रामदास एक्सपायर्ड. कम सून."

तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "पुना वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती, त्यातलं 'रामदास' तेवढं मला ऐकू आलं. मग तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी रडत रडत वाचलं. ती डोळे उघडून उठली, माझ्या हातातून तार घेतली, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि आपल्या पदरानं माझं नाक पुसलं.

"सुनेले म्या जाता जाता सांगतो, रामदासनं बोलावलं मले. तू कोणाले काई बोलू नोको."

"पण मावशी, अर्थ..."

"वर्ध्याहून रायपूरची गाडी भेटते न?"

"भेटते."

"मंग रायपूरले पोहोचूस्तोर मले इंग्रजी समजत नाई," ती म्हणाली, आणि एसटी स्टँडकडे चालू लागली.