माणूस गेला म्हणून कुलूप बदलत नाहीत

केळी सुकवायच्या मांडवाला आमच्याकडे कुडाचं दार आहे आणि त्याची किल्ली मागच्या पडवीत खिळ्याला असते. वडिलांच्या वेळेपासून तिथेच. सकाळी बाया येतात, किल्ली काढतात, संध्याकाळी परत अडकवून जातात. एखादी काम सोडून गेली तरी कुलूप बदलायचं नाही. बदललं म्हणजे तिला चोर म्हटल्यासारखं होतं. ती उद्या होळीच्या बाजारात समोर आली तर मी बघायचं कुठे?

मी चौथी शिकलो. पण राजेळी केळं सोलून उन्हात किती ठेवायचं, वाळून झालेली सुकेळी कधी उचलायची, हे मला कुणी सांगायला नको. वसईत हे काम करणारी घरं आता थोडीच राहिली. सुनेने सुकेळी विकायला वेबसाइट काढायची म्हटली, मी नाही म्हटलं नाही. गोखिवऱ्याला गाळा घेऊन बसलेल्या एका माणसाने ती बनवली. काम चालू होतं तोवर तो यायचा, आमच्यातच जेवायचा. काम झालं, गेला.

सून म्हणाली, "बाबा, आता पासवर्ड बदलायला हवा. त्याच्याकडे आहे तो."

"चोर आहे का तो?"

"चोर कशाला? पण अशी पद्धत असते."

"तुमच्या ऑफिसात असेल. आपल्या ताटात जेवलेला माणूस आहे. माझ्या घरात हे चालायचं नाही."

पासवर्ड तोच राहिला. या घरात माझा शब्द कुणी मोडत नाही. तेवढा एकदा मोडला असता तर बरं झालं असतं.

यंदा फोन सुरू झाले. पैसे भरले, सुकेळी कुठे आहेत? आमच्याकडे तर ऑर्डरच नाही. सुनेने साइट उघडली, तर पैसे भरायचा कोड भलत्याच कुणाचा. कुणीतरी आत शिरून बदलला होता. वर गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, नंबर सगळं उचललं. आमच्याच वाडीच्या नावाने लोकांना मेसेज जात होते, माल थोडा राहिलाय, आत्ताच पैसे भरा.

तो गोखिवऱ्याचा माणूस धावत आला. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता. त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड तिथेच ठेवलेले, ते सगळे चोरांच्या हातात.

"काका, मी काही केलेलं नाही."

"ठाऊक आहे मला. बस."

तो बसेना. "पण तुम्ही अजून तोच पासवर्ड ठेवलात कसा? जाताना मी वहिनींना बजावलं होतं, पहिला तो बदला म्हणून."

मी सुनेकडे बघितलं.

"हे मला नाही बोललीस."

"बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं, बाबा?"

मी म्हटलं, "बदल आता."

त्याच बैठकीत तिने पासवर्ड बदलला, त्याच्या समोर. त्याला काहीच वाटलं नाही. उलट जरा मोकळा झाल्यासारखा दिसला. पोलिसात तक्रार झाली. साइट तूर्त बंद. सून म्हणाली, सगळ्यांना मेसेज टाकते. मी म्हटलं, मेसेज चोरांनीपण टाकले, तुझा कोण खरा मानणार? मी बोलतो. लोक माझा आवाज ओळखतात.

तेव्हापासून ओटीवर फोन घेऊन बसलोय. घसा बसलाय, कान गरम होतो. मांडवाकडे फिरकायला होत नाही, केळी बाया बघतात. आणि आवाज कुणी ओळखत नाही. एकाने तर सुनावलं, "कालपण एक वसईवालाच बोलत होता," आणि फोन ठेवला. वाडीचं नाव माझ्या वडिलांनी डोक्यावर टोपली वाहून कमावलंय. ते असं एकेकाच्या दारात जाऊन परत मागायचं, या वयात.

गिरगावच्या एक आजी वडिलांच्या वेळेपासून आमची सुकेळी घेतात. त्यांनीही विचारलं, "तुम्ही तेच कशावरून?"

काय दाखवणार? म्हटलं, "तुमच्याकडे जरा ओलसर लागतात. तुमच्या साहेबांना दात नाहीत म्हणून."



"ते गेले हो," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पाठवा. ओलसरच पाठवा. पण त्या मोबाईलवर मी आता पैसे भरणार नाही. तुम्ही स्वतः या, तुमचं तोंड बघेन आणि हातात देईन."

"येतो."

सून शेजारीच होती. म्हणाली, "बाबा, नवा पासवर्ड तुम्हाला सांगून ठेवू?"

"नको."

खिळ्यावरची किल्ली आहे तिथेच आहे. मांडवाचं कुलूप बदलायचं नाही, हे मात्र सांगून ठेवलंय. उद्या गिरगावला जायचंय. मांडवातून ओलसर बघून काढली, केळीच्या वाळक्या सोपटात बांधली. गुडघा दुखतोय. पण तोंड दाखवायला मलाच जावं लागणार, ते काही सुनेला पाठवून होणार नाही.