बसलेला आवाज

बारावीत मी तलासरीहून एसटीने डहाणूच्या कॉलेजात जायचे. वडील शाळेत शिक्षक. मी डॉक्टर व्हावं ही इच्छा त्यांची होती, पुढे माझीही झाली. पण कॉलेज सुटलं की मी आधी स्टेशनजवळच्या एका चाळीत गाणं शिकायला जायचे. शिकवणारे गुरुजी रेल्वेतून निवृत्त झालेले. नोकरीत ते स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायचे, त्यामुळे त्यांचा चेहरा न पाहिलेली माणसंही आवाज ओळखत.

दिवाळीनंतर तो आवाज बसला. "थंडी बाधली," म्हणाले. महिना उलटला तरी तसाच. वरचा सा आला की ते थांबायचे, पेटीवर वाजवायचे आणि मला खूण करायचे, तू म्हण. त्याच दिवसांत मी 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी श्वसनसंस्थेचा धडा करत होते. स्वरयंत्राची आकृती वहीत काढली होती, नावं तोंडपाठ होती. 'गुरुजी, डॉक्टरांना दाखवलंत का?' एवढंच विचारायचं होतं. पण गुरूंना आपण काय सांगायचं, असं वाटलं. शिवाय पाचची बस गाठायची होती.

जानेवारीत माझे मार्क घसरले. वडील म्हणाले, "दोन दगडांवर पाय ठेवलास तर मधेच पडशील. परीक्षा होईपर्यंत गाणं बंद."

गुरुजींना सांगायला गेले. ते काय म्हणाले ते ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. "जा, अभ्यास कर. गाणं कुठे पळून जात नाही."

परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी मी चाळीत गेले. गुरुजींच्या पत्नीने, काकूंनी, दार उघडलं. गुरुजी पेटीशेजारी बसले होते, गळ्याशी पांढरं फडकं बांधलेलं.

"मुंबईला ऑपरेशन झालं," काकू म्हणाल्या. "स्वरयंत्रच काढावं लागलं. चार महिने आधी यायला हवं होतं म्हणे." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

गुरुजींनी पाटी घेऊन लिहिलं, "पेपर कसा गेला?"

"बरा गेला." मग राहवलं नाही. "गुरुजी, मला तेव्हाच शंका आली होती. मी बोलले नाही."

त्यांनी लिहिलं, "मलाही. भीती वाटली." काकूंची चाहूल लागताच त्यांनी पाटी हाताने पुसली.

त्या वर्षी मला प्रवेश मिळाला नाही. पुन्हा परीक्षेला बसायचं ठरलं, आणि या वेळी वडिलांनी गाण्याला अडवलं नाही. गुरुजी पेटीवरून शिकवायचे. माझा सूर चुकला की पेटी थांबायची आणि मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे. फेब्रुवारीपर्यंत हे चाललं. मार्चमध्ये ते गेले. पुढे प्रवेशाची यादी लागली, माझं नाव आलं, पण ते सांगायला चाळीत फक्त काकू होत्या.

अंत्यसंस्काराला वडील माझ्याबरोबर आले होते. परतताना बसमध्ये आशागड मागे गेल्यावर ते म्हणाले, "मागच्या वर्षी तुझं गाणं बंद करायला नको होतं मी. तेवढे महिने तुला मिळाले असते."

त्यांच्या मनाला ते लागलं होतं. माझ्या मनात काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी अजूनही त्यांना सांगितलेलं नाही.