सुया तिला, चक्कर मला

ॲक्युपंक्चरच्या सुया माझ्या बायकोला टोचल्या आणि बेशुद्ध मी पडलो.

हे वाचून कुणाला वाटेल, मी फार नाजूक प्रकृतीचा माणूस असेन. तसं काही नाही. शिरूर अनंतपाळला जनावरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक आहे. माझ्या हातातली सुई बघून रेडा दावं तोडतो! शिवाय माझं मुख्य काम कृत्रिम रेतनाचं. रेड्याच्या गोठवलेल्या रेताच्या नळ्या, म्हणजे स्ट्रॉ, ठेवलेलं नायट्रोजनचं पिंप मोटारसायकलला बांधायचं आणि गावोगाव फिरून म्हशी गाभण करायच्या. आसपासच्या गावांतली निम्मी रेडकं, वगारी म्हणजे मादी रेडकं धरून, माझ्यामुळं जन्माला आली आहेत. (हे वाक्य पाहुण्यांसमोर बोलायचं नाही, अशी बायकोची सक्त ताकीद आहे.)

आणि माझ्याच घरी, लग्नाला इतकी वर्षं होऊनही, पाळणा हलत नव्हता! लोक थेट काही बोलायचे नाहीत. पण गोठ्यात हात धुताना म्हशीचा मालक हळूच विचारायचा, "साहेब, मग तुमच्याकडं काय इशेष?" त्या वेळी म्हैससुद्धा मान वळवून माझ्याकडं बघायची. माझी बायको मंगल झेडपीच्या शाळेत शिक्षिका. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांची नाकं पुसायची, आणि कुणाच्या बारशाचं आमंत्रण आलं की नेमकं तिचं डोकं दुखायचं. ते डोकं का दुखतं हे मला ठाऊक होतं, आणि त्यावर माझ्या पिंपात इलाज नव्हता.

शेवटी आम्ही लातूरला एका डॉक्टर मॅडमकडं गेलो. सगळ्या तपासण्या झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आपण आययूआय करू. तुमचा नमुना घ्यायचा, लॅबमध्ये स्वच्छ करायचा आणि बारीक नळीनं यांच्या गर्भाशयात सोडायचा. समजलं?"

मला नाही समजणार तर कुणाला! खुर्ची पुढं ओढून मी विचारलं, "मॅडम, स्ट्रॉ वितळवायला पाणी कितपत कोमट घेता? आणि नळी सोडताना मागून कुणी शेपटी..."

मंगलनं टेबलाखालून असा चिमटा काढला की पुढचा शब्द घशातच मेला.

"हे जनावरांच्या दवाखान्यात असतात," ती म्हणाली.

"तरीच!" मॅडम म्हणाल्या.

ॲक्युपंक्चरचं मंगलच्या शाळेतल्या एका बाईंनी तिच्या डोक्यात भरवलं. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मन शांत होत असेल तर जरूर करा. पण त्यानं मूल होतंच असं मी म्हणणार नाही. आणि माझी औषधं बंद करायची नाहीत." झालं! आययूआयच्या दिवशी सकाळी आधी सुया, मग दवाखाना, असं ठरलं.

अडचण होती मायची. माय म्हणजे माझी आई. बाबा गेल्यापासून आमच्याजवळच असते. पण तिला काही कळलं की ते संध्याकाळपर्यंत कंधारला आमच्या भावकीत पोचतं, तेही फोन न लावता! म्हणून मी तिला सांगितलं, "मंगलची कंबर धरलीय. लातूरला ॲक्युपंक्चर करून येतो."

"पंचर?" माय म्हणाली. "पंचर काढाया लातूरला कामून जायलाव? स्टँडवर काढतेत की!"

मी सुयांचं समजावून सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं आणि चपला घातल्या. "मग माझे गुडघे बी दाखव. मी येते."

तिला घरी ठेवण्यासाठी मी जेवढी कारणं काढली, त्या प्रत्येक कारणाला तिचे गुडघे जास्तच दुखायला लागले. शेवटी तिघंही लातूरच्या एसटीत बसलो.

सुयांचे डॉक्टर बारीक आवाजाचे, शांत गृहस्थ होते. खोलीत दोन खाटा, मध्ये पडदा. एका खाटेवर मायनं लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून ऐटीत बैठक मारली. डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांना सुया लावल्या तर म्हणते, "येवढंच व्हय? बाभळीचा काटा ह्येच्यापरीस मोठा ऱ्हातोय. अजून घाला दोन-चार!"

पडद्याच्या अलीकडं मंगल झोपली होती. मी तिच्या उशाशी उभा राहिलो, धीर द्यायला. डॉक्टरांनी केसासारखी सुई काढली आणि तिच्या पोटाजवळ अलगद टोचली. रक्त नाही, काही नाही. मंगल नुसती हसली. मग दुसरी पायाला. मग तिसरी कपाळाच्या मधोमध, कुंकवाच्या जरा वर... आणि ती सुई तिथं उभी राहून थरथरताना मी बघितली. माझे कान गार पडले. गोठ्यात मी हातभर सुया बघतो, पण त्या मंगलच्या कपाळात नसतात हो! मी म्हणालो, "डॉक्टर, जरा पंखा..." आणि औषधांच्या ट्रेसकट खाली गेलो.

पुढचं मंगलनं नंतर सांगितलेलं आहे. मी जमिनीवर आडवा. डॉक्टर माझ्या छातीवर वाकलेले. मंगल आणि माय दोघी सुयांमुळं जागच्या जागी खिळलेल्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. तो मी पिशवीत टाकून मायच्या खाटेवर ठेवला होता. फोनवर मॅडमच्या दवाखान्यातली सिस्टर.

"सर, तुमचा नमुना अजून आला नाही."

"कशाचा नमुना? मातीचा?" मायनं विचारलं. (आम्ही नुकतीच शेतातली माती तपासायला दिली होती.)

"नाही, सरांचा. त्यांना लवकर पाठवा."

मायनं फोन ठेवला आणि पडद्याला विचारलं, "मंगल, ह्येचा कशाचा नमुना?"

मंगलला ना उठता येत होतं, ना पळता. तिनं कपाळात सुई घेऊन, छताकडं बघत, सगळं सांगून टाकलं.

मी शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या नाकाखाली, मिशीच्या मधोमध, एक सुई उभी होती! (चक्कर आलेल्याला तिथंच टोचतात म्हणे.) समोर मायचा चेहरा.

"येवढंच होतं तर मला सांगाया काय झालतं?" ती म्हणाली. "मला वाटलं, पोरीची कंबर खरंच मोडली. अन् तू कामून पडलास? आज काम कुणाचं हाय? तुझं! आन् तूच आडवा? ऊठ!"

मंगल पडद्याआड इतकी हसायला लागली की डॉक्टर पहिल्यांदाच ओरडले, "ताई, हलू नका!"

मंगलच्या सुया निघायला वेळ होता. ती मागून येणार होती. माय मात्र आपल्या सुया काढून घेऊन माझ्याबरोबर निघाली. रिक्षात बसताच तिनं रिक्षावाल्याला सांगितलं, "बाबा, जरा दामटव. माझ्या लेकाला नमुना द्यायचाय."

"रक्ताचा का, माय?"

"न्हाई रं, त्येचा..."

"माय!" मी किंचाळलो.

त्यात फोन वाजायला लागला. सकाळपासून एक शेतकरी मागं लागला होता, म्हैस माजावर आलीय म्हणून. डोकं गरगरत होतं, नंबर बघितला नाही. पलीकडून आवाज आला, "सर, अजून किती वेळ?"

"घाई करू नका!" मी म्हणालो. "संध्याकाळपर्यंत चालतं. तोवर सावलीत बांधा आणि पाणी पाजा."

मग सिस्टर म्हणाली, "सर... तुम्ही मॅडमशीच बोला."

लगेच दुसरा फोन. मी कान धरून, नम्रपणे म्हणालो, "सॉरी सिस्टर, आलोच. माझाच नमुना घेऊन येतोय. मंगल आली की तिला आत घ्या."

"साहेब," शेतकरी चाचरत म्हणाला, "आमच्या म्हशीचं नाव गंगा हाय. आन् तुमचा... नको साहेब. उद्या बघू."

दवाखान्यात सिस्टरनं माझ्या हातात डबी दिली आणि एका खोलीत पाठवलं. कपाळाला टेंगूळ, मिशीत सुईची खूण. अशा अवस्थेत मी कडी लावली. कडी लागते न लागते तोच बाहेरून आवाज.

"दत्ता! झालं का रं?"

"आजी, इथं नका बोलू," सिस्टर म्हणाली.

"अगं, ह्यो कसाय तुला म्हाईत न्हाई. ल्हानपणापासून परत्येक कामाला उशीर!"

बाहेर बसलेल्या बायका फिस्सकन हसल्या. कुणीतरी दयाळू माणसानं टीव्हीचा आवाज वाढवला. पुढं ते कसं जमलं, विचारू नका. मी डबी दिली तेव्हा मायनं हात जोडले. डबीला!

सगळं पार पडल्यावर मी मंगलजवळ जाऊन बसलो. ती शांत पडली होती.

"सुयांनी ताण जातो म्हणतात," ती म्हणाली. "माझा तर तुम्ही पडलात तेव्हाच गेला." मग छताकडं बघत, "अहो, नाही झालं तर?"

म्हशीच्या मालकाला मी अशा वेळी सांगतो, 'नाही राहिली तर पुढच्या माजाला बघू.' ते वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. देवानं वाचवलं. मी नुसता तिचा हात धरला.

आणि खरंच, त्या वेळी नाही झालं. ते कळलं त्या दिवशी मायनं एक शब्द विचारला नाही. धपाटे केले, मंगलच्या ताटात दही जास्त वाढलं आणि भावकीतून फोन आला तर, "आमच्या गुडघ्यांचं चाललंय बाई," एवढंच म्हणाली. पुन्हा लातूर, पुन्हा सुया (मला आता बाहेर बाकावर बसवायचे), पुन्हा डबी. मध्ये मंगल एकदा फार रडली, आता बस म्हणाली, आणि पंधरवड्यानं स्वतःच म्हणाली, एकदा शेवटचं बघू. त्या शेवटच्याला राहिलं!

मुलगी झाली. माय म्हणते सुयांनी, मंगल म्हणते मॅडमच्या औषधांनी, मॅडम म्हणतात मंगलच्या धीरानं. माझं नाव कुणीच घेईना, म्हणून मी गुपचूप पेढे आणायला गेलो. शिरूरचा दुकानदार तराजू पुसत म्हणाला, "आज पेढे कशाचे, साहेब?"

आनंदाच्या भरात माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "वगार झाली!"

"लई ब्येस!" तो म्हणाला. "दुधाची सोय झाली मालकाची. आन् रेडा कुठला वापरला, साहेब?"

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी पेढ्यांचा पुडा उचलला, छाती पुढं काढली आणि म्हणालो, "मीच."