दोघींनी पाठ केलेली उत्तरं

जळगावात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मी धरणगावची, ती पिंपळनेरकडची. एका बँकेची लेखी परीक्षा दोघी पास झालो आणि मुलाखतीची तयारी सुरू केली. दुपारी जेवण झालं की एक जण खुर्चीत बसून साहेब व्हायची, दुसरी दारावर टकटक करून आत यायची. ती साहेब झाली की आवाज जाड करायची. "बसा. स्वतःबद्दल सांगा." मी हसले, की पुन्हा दाराबाहेर जायला लावायची. असं करता करता मला तिची उत्तरं पाठ झाली, तिला माझी.

मुलाखतीच्या दीडेक महिना आधी ती तापानं फणफणली. घरच्यांनी तिला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

तिचं सामान न्यायला तिची आई आली. कपडे पिशवीत भरून झाले तरी मावशी उठेनात. मग म्हणाल्या, "माय, ती तठे मुलाखतमा काय बोलणार व्हती, ते माले सांग."

मला नाही म्हणवेना. मावशींना मी खुर्चीत बसवलं आणि समोर उभी राहून तिचं उत्तर सांगायला लागले. "माझी आई बँकेत गेली की दाराशी चपला काढते. तिला कुणीतरी 'या, बसा' म्हणावं, म्हणून मला ही नोकरी हवी आहे." आवाज माझाच होता, पण कुठे थांबायचं, कुठे मान हलवायची, सगळं तिचं. मला माझीच भीती वाटली. मावशी खाली बघत म्हणाल्या, "मी चप्पल काढस, हाई तिनी कव्हय दखं?" तिनं ते कधी पाहिलं, मलाही माहीत नव्हतं.

त्यानंतर मला एकटीला सराव जमेना. स्वतःचं उत्तर सुरू केलं, की दुसऱ्या वाक्याला तिचे शब्द तोंडात यायचे. खुर्ची मी भिंतीकडे वळवून ठेवली.

मुलाखत धुळ्याला होती. बाहेर बाकावर आम्ही दहा-बारा जण बसलो होतो. शिपाई दारात आला आणि त्यानं तिचं नाव पुकारलं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण. कुणी उठलं नाही. त्यानं इकडेतिकडे बघून पुन्हा पुकारलं. मी अर्धवट उठले होते, ते शेजारच्या मुलीनं "तुमचं आहे का?" विचारल्यावर कळलं.

"ती येणार नाही," मी म्हणाले. त्यानं मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं.

आत मला विचारलं, "बँकेतच का यायचंय?"

"माझी आई," एवढं बोलले आणि थांबले. माझी आई शाळेत शिकवते, बँकेत चपला काढत नाही. "माफ करा. हे माझ्या मैत्रिणीचं उत्तर आहे. ती महिन्यापूर्वी गेली."

समोरच्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "सावकाश. आता तुमचं सांगा." मी काय सांगितलं, ते मला आजही आठवत नाही.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा घरी सांगून झाल्यावर मी मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झायं, माय." मग विचारलं, "तठे तिन्हं नाव लिधं का?"

"हो मावशी, तिचं नाव घेतलं. दोनदा."

"मोठ्याने?"

"सगळ्यांना ऐकू जाईल असं."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. फोन कानाशी तसाच धरून मी भिंतीकडची खुर्ची पुन्हा दाराकडे वळवली.