रश्श्यात शिजलेला डोळा

आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मी काढला आणि डोळाच गेला. माझा टाका सुटला होता. तिला मात्र सांगितलं, "डोळा आधीच नासला होता." आता डावाही पिकत आलेला. तो कुठल्या तोंडाने कापणार होतो? म्हणून मुंबईला जाऊन नीट शिकायचं ठरवलं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली ते दिवस, मी गावचा डॉक्टर, वय अठ्ठावीस. आज मी सांगतोय आणि नात टाइप करतेय, चुका तिच्या.

जैतापूरला बोट धरली. आता ती बोट नाही. तुम्ही रस्त्याने जा, पोट तरी ठिकाणावर राहील. भाऊच्या धक्क्यावर उतरून, ट्रंक सांभाळत ट्रामने लालबाग गाठलं. चाळीत चुलतभाऊ भिकादादा आणि सुलोचनावहिनी राहायचे. वहिनी गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या. धागा तुटला की चुटकीसरशी जोडायचा आणि यंत्र पुढे, हेच काम दिवसभर. झोपायला मला गॅलरी मिळाली. ढेकणांचं काही सांगत नाही.

परळच्या इस्पितळातल्या सरांनी माझं नावसुद्धा नीट ऐकून घेतलं नाही. "माणसाच्या डोळ्याला हात लावण्याआधी बकऱ्याच्या डोळ्यावर चार टाके घालून आणा. गुरुवारी अकरा वाजता. जमलं तर ठेवून घेतो, नाही तर परतीची बोट आहेच."

बुधवारी खाटकाकडून मुंडी आणली. संध्याकाळी खिडकीशी बसून, डोळ्यावर भिंग चढवून, केसाहून बारीक रेशमाने तीन टाके घातले. प्रत्येक गाठ करकचून ओढली. वहिनी बघत उभ्या होत्या.

"भावजी, धागा ताणता कशाला? ताणलेला धागा पुढे जाऊन तुटतो. नुसता बसवायचा."

"मग तुम्हीच दाखवा," मी चिडून म्हणालो. त्यांनी मनगट पाटावर टेकवलं, रेशीम ओलं केलं आणि चौथा टाका घातला. मी मुंडी पातेल्यात झाकून ठेवली.

गुरुवारी हरताळ. दादा पहाटेच मोर्चाला गेलेला, गिरणी बंद म्हणून वहिनी घरी. ट्राम चालू आहे का ते बघायला मी खाली गेलो आणि परत आलो तर मसाल्याचा वास जिन्यापर्यंत येत होता. पातेल्यात रस्सा रटरटत होता.

"वहिनी, माझी मुंडी?"

"पाव्हण्यानं मुंडी आणली की ती शिजवायची, आमच्यात असंच असतं," वहिनी म्हणाल्या. "शिवण्यापुरता एक डोळा लागतो म्हटलं. तो शिवून झाला ना काल? रेशीम पोटात जाईल म्हणून तेवढा बाजूला काढलाय."

झाकणावर तो डोळा होता. पांढराफटक, मसाल्यात बरबटलेला. खाटीक बंद, सगळा बाजार बंद, दहा वाजून गेलेले. डोळा धुतला, वाटीत घातला आणि परळपर्यंत चालत गेलो.

सरांनी वाटी नाकाशी नेली. "हे काय आहे?"

मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. चिमटा घेऊन त्यांनी पहिला टाका उचलला, तो सुटून आला. दुसरा सुटला, तिसराही. आईच्या डोळ्यात असाच सुटला होता. चौथा मात्र ओढूनही हलला नाही.

"हा उत्तम आहे. हा कधी घातलात?"

'शेवटी घातला' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"तो माझा नाही, सर. वहिनींचा आहे. त्या गिरणीत धागे जोडतात."

सरांनी वाटी माझ्या हातात परत दिली. "मग माझ्याकडे कशाला आलात? आठवडाभर त्यांच्याकडे शिका. मग या."

तो आठवडा मी कांद्याच्या पातळ पापुद्र्यावर टाके घातले. गिरणीतून दमून आल्या तरी वहिनी शेजारी बसायच्या. "ताणलात," एवढंच म्हणायच्या, आणि मी नवा पापुद्रा घ्यायचो. पुढच्या गुरुवारी सरांनी मला ठेवून घेतलं. इस्पितळात सहा महिने काढले. कुणी शिकायला जाणार असाल तर एवढंच सांगतो, पहिला हात कांद्यावर बसवा.

घरी परतलो आणि आईचा डावा डोळा केला. पट्टी सोडून जाड भिंगांचा चष्मा चढवला तेव्हा तिने माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण दाखवलं. दिसत होतं तिला. मला रडू आवरेना. सरांपुढे खरं बोललो होतो, आईपुढे अजून बोललो नव्हतो.

"आई, उजवा डोळा नासलेला नव्हता. माझा टाका सुटला."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "तू मुंबईला असताना, हा डोळा करायला रत्नागिरीला नेतो म्हणून तुझा मामा दोनदा आला होता. मी गेले नाही. हा डोळा दुसऱ्या कुणी केला असता, तर तू पुन्हा कुणाच्या डोळ्याला हात लावला असतास का?"