घोडीचा मुतखडा

ठोश्याच्या हातचा मार न खाल्लेला माणूस त्या लाकडाच्या वखारीत शोधून सापडला नसता. तो घोडागाडीवर ओंडके वाहायचा. भरताना कुणी आडवं बोललं की ठोसा, वाटेत कुणी गाडी आडवी लावली की ठोसा. एकदा काट्यावर वजन करणाऱ्याचा जबडा निखळवला आणि त्याला इस्पितळात पोचवायलाही हाच गाडी जुंपून तयार! बायकोवर एकदाच हात उगारला. तिनं पायावर उकळतं पाणी ओतलं. तो डाग तो लोकांना कौतुकानं दाखवायचा.

अशा माणसाला लोक ‘मनानं फार चांगला हो’ म्हणतात. मला त्या वाक्याची चीड आहे. मन कुणी पाहिलंय? मी त्याच्या घोडीची पाठ पाहिली आहे.

मी तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. घोडी तांबडी, अकरा वर्षांची, कामाला वाघ. त्या उन्हाळ्यात ती भर रस्त्यात थांबायला लागली. मागचे पाय फाकवायची, शेपूट उचलून कुंथायची, आणि पडायचे चार थेंब. ठोश्याला वाटलं, ओझं नको म्हणून सोंग करतेय. तो चाबकाच्या दांड्यानं तिच्या कमरेवर हाणू लागला. ती थांबली की हा हाणणार, असं दीड महिना चाललं. मग एका दुपारी चढ चढून ती थांबली आणि मुतली ती लाल.

गाडीवर मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. जिभेला हाड नाही. म्हणाला, “दाजी, आतून फोडलीत तिला. किडन्या गेल्या असणार.”

ठोसा यायला हवा होता. आला नाही. गाडी रस्त्यातच टाकून ठोश्या घोडीला चालवत माझ्या दवाखान्याच्या आवारात आला. मागोमाग मेहुणा.

“बाई, लाल मुततेय. माझ्या मारानं झालं का हे? तेवढंच सांगा.”

“बाजूला हो, बघू दे.”

“आधी सांगा.”

“मी काय ज्योतिषी आहे? शेपूट धर.”

मागून कोपरापर्यंत हात घालून मी मूत्राशय चाचपलं. मुठीएवढा खडा लागला. घोड्यांचा मुतखडा गुळगुळीत नसतो, वर काटे असतात. जनावर ओझं ओढू लागलं की तो आत घासतो आणि रक्त येतं. घोडा असता तर चिरफाड करावी लागली असती. घोडीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद, त्यातून लहान हात जातो. माझे हात लहान आहेत. रूपाच्या नावानं देवानं तेवढंच दिलं.

शेपटीच्या मुळाशी भुलीची सुई टोचली आणि तिनं लाथ झाडली. ती माझ्यासाठी होती. ठोश्या मधे आला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

“दाजी, बरगडी गेली!”

“गेली तर गेली. तू दोर धर.”

दुसरी लाथ त्याच्या मांडीवर बसली. त्याची मूठ वळलेली मी पाहिली. मग ती त्यानं खिशात कोंबली आणि खाली मान घालून उभा राहिला.

अर्धा तास गेला. खडा बाहेर आला तेव्हा माझा हातमोजा फाटला होता, बोटं सोलली होती आणि दंडापर्यंत रक्त होतं. मी खडा त्याच्यापुढे धरला.

“हा मारानं झालेला नाही. कित्येक महिने वाढत असणार.”

मेहुण्याला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. “सुटलात की दाजी! उगाच जीव खाल्लात स्वतःचा.”

ठोश्यानं काट्यांवरून अंगठा फिरवला. “म्हणजे ती थांबायची, तेव्हा हा आत टोचत होता?”

खोटा दिलासा देणं मला कधी जमलं नाही. “हो. आणि तू वरून हाणत होतास.”

ठोसा तेव्हा आला. मेहुण्याचे दोन दात फरशीवर पडले. मेहुण्यानं लोखंडी बादली उचलून नेमकी मोडक्या बरगडीवर घातली. दोघं लिदीत लोळू लागले. ठोश्यानं त्याचा गळा आवळला आणि ओरडत सुटला, “सुटलो म्हणतोस? सुटलो?” मेहुण्याचा चेहरा जांभळा पडायला लागला. मी नळाची रबरी नळी ओढून दोघांवर पाणी सोडलं, शिव्या घातल्या, लाथही घातली. काही उपयोग नाही.

तेवढ्यात मागं धो धो आवाज झाला. भूल उतरत होती. घोडी पाय फाकवून उभी होती आणि मुतत होती. गुलाबी, गढूळ, पण सलग धार.

ठोश्याचे हात गळ्यावरच थांबले.

“गप,” तो म्हणाला. “ऐकू दे.”

मेहुणा रक्त थुंकून कसाबसा बोलला, “गळा सोडा की मग. मलाही ऐकू द्या.”